चार निकाल, आठ कॉलेजं: कोणते गुण कुठे पाठवायचे?

मिशिगन राज्यातल्या एका पब्लिक हायस्कूलमधली बारावीची मुलगी. वडील डेट्रॉइटच्या वाहन उद्योगात इंजिनिअर, आईचीही नोकरी. मुलीला पर्यावरण अभियांत्रिकी करायची आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत, पण आकड्यांचा एकमेकांशी असलेला संबंध तसाच ठेवला आहे. २०२५ च्या ऑक्टोबरच्या मध्याला तिच्या हातात एसएटी आणि एसीटी या कॉलेज-प्रवेशाच्या परीक्षांचे हे निकाल होते:

एप्रिल, शाळेतच झालेली एसएटी: रीडिंग-रायटिंग ६८०, मॅथ ७३०, एकूण १४१०
जून, एसएटी: ७२० आणि ७१०, एकूण १४३०
ऑगस्ट, एसएटी: ७०० आणि ७७०, एकूण १४७०
सप्टेंबर, एसीटी: इंग्लिश ३५, मॅथ ३१, रीडिंग ३४, एकत्रित ३३, सायन्सचा भाग दिलेला नाही

याशिवाय एपीचे, म्हणजे शाळेत शिकवल्या जाणाऱ्या कॉलेज-पातळीच्या विषयांच्या परीक्षांचे, पाच निकाल होते (प्रत्येकी ५ पैकी): कॉम्प्युटर सायन्स प्रिन्सिपल्स ५, कॅल्क्युलस बीसी ५, इंग्लिश लँग्वेज ४, फिजिक्स वन ३, यूएस हिस्टरी ३. अर्ज आठ ठिकाणी करायचे होते: युनिव्हर्सिटी ऑफ मिशिगन, मिशिगन स्टेट, पर्ड्यू, जॉर्जिया टेक, कॉर्नेल, येल, कोलंबिया आणि यूसी सॅन डिएगो. १ नोव्हेंबरच्या मुदती तोंडावर आलेल्या.

सल्ला विचारायला ते माझ्याकडे आले तेव्हा घरात तीन मतं होती. वडील म्हणाले, "ताई, सगळं पाठवून टाकू. त्यांना काय बघायचं ते बघतील. आपण कशाला निवडत बसायचं?" आईला एप्रिलचा १४१० कुणाच्याही नजरेला पडायला नको होता. मुलीचा सूर वेगळाच. "मावशी, मिशिगनला आणि कोलंबियाला काहीच नको ना पाठवायला. टेस्ट-ऑप्शनल आहेत दोन्ही, गुण द्यायची सक्ती नाही." आई-वडिलांचं एका बाबतीत मात्र एकमत होतं: जे ठरेल ते आठही कॉलेजांना सारखंच लागू करायचं. माझी पहिली हरकत नेमकी यालाच होती. गुण तेच असले तरी त्यांचं वाचन प्रत्येक कॉलेजात वेगळ्या नियमाने होतं.

म्हणून आधी गुण बाजूला ठेवले आणि कॉलेजांचे नियम काढले. २०२० मध्ये कोविडमुळे परीक्षा केंद्रं बंद पडली आणि जवळपास सगळ्यांनीच गुणांची सक्ती उठवली. त्यानंतर वाटा फुटल्या. एमआयटीने २०२२ च्या मार्चमध्येच सक्ती परत आणली. २०२४ मध्ये डार्टमथ, ब्राउन, हार्वर्ड, कॅलटेक अशी रांगच लागली. त्याच वर्षी कॉर्नेलनेही सांगून टाकलं की २०२६ च्या फॉलमध्ये प्रवेश घेणाऱ्यांना गुण द्यावेच लागतील. आमची मुलगी नेमकी त्या पहिल्या तुकडीतली. पर्ड्यू आणि जॉर्जिया टेकमध्येही सक्ती आहे. येलने मधला मार्ग काढला: एसएटी, एसीटी, एपी किंवा आयबी (इंटरनॅशनल बॅकलॉरिएट), यांपैकी काहीतरी एक हवंच. कोलंबियाने २०२३ मध्ये ऐच्छिक धोरण कायमचं केलं. युनिव्हर्सिटी ऑफ मिशिगन ऐच्छिक, मिशिगन स्टेटही ऐच्छिक. आणि कॅलिफोर्निया विद्यापीठ, म्हणजे सगळे यूसी, प्रवेशाच्या निर्णयात एसएटी-एसीटी बघतच नाहीत. तिथे १६०० असले काय नि १००० असले काय, सारखंच. सॅन डिएगोचा विषय तिथेच मिटला. (एपीचे गुण यूसीच्या अर्जात भरता येतात, ती गोष्ट वेगळी.)

म्हणजे "पाठवू की नको" हा प्रश्न आठांपैकी फक्त दोन ठिकाणी, मिशिगन आणि कोलंबियाला, खरोखर उरला. मिशिगन स्टेटही ऐच्छिकच, पण तिचा स्कोअर तिथल्या वरच्या चतुर्थांशाच्याही पुढे जात होता. तिथे न पाठवणं म्हणजे हातचा पत्ता उगाच टाकून देणं. बाकी ठिकाणी प्रश्न "कोणते पाठवू" एवढाच होता, आणि त्याचं उत्तर तुलनेने सोपं आहे.

आधी तेच बघू. एसएटी की एसीटी? वडिलांनी बोर्डाच्या सवयीने टक्केवारी काढली होती: ३६ पैकी ३३ म्हणजे ९२ टक्के, १६०० पैकी १४७० म्हणजेही ९२ टक्के, "जवळजवळ सारखंच आहे, दोन्ही पाठवू." हे गणित इथे चालत नाही. एसएटीची मोजपट्टी ४०० पासून सुरू होते, एसीटीची १ पासून, आणि दोन्हींचे टप्पे निरनिराळे. दोन्ही परीक्षा घेणाऱ्या संस्थांनी २०१८ मध्ये मिळून एक तुलना-तक्ता काढला आहे आणि प्रवेश कार्यालयं त्यावरच चालतात. त्यात एसीटीचे ३३ म्हणजे एसएटीचे १४५० ते १४८०, आणि ३४ सुरू होतात १४९० पासून. म्हणजे ऑगस्टची एकटी एसएटी आणि सप्टेंबरची एसीटी एकाच पायरीवर येतात. दोन एसएटींमधले चांगले भाग जोडले तर एसएटी एक पायरी वर जाते.

पण एकूण गुणांपेक्षा मला आतले आकडे महत्त्वाचे वाटले. एसीटीमधले मॅथचे ३१ त्याच तक्त्यानुसार एसएटीच्या ७१० च्या आसपास येतात. ऑगस्टमध्ये हिला मॅथमध्ये ७७० आहेत. अभियांत्रिकीचा अर्ज वाचणारा माणूस सगळ्यात आधी मॅथचाच रकाना बघणार, आणि तिथे ७७० च्या शेजारी आपणच ७१० च्या तोलाचा आकडा का ठेवायचा? शिवाय २०२५ पासून एसीटीमध्ये सायन्स ऐच्छिक झालं आहे. हिने ते दिलं नव्हतं, त्यामुळे तिचे ३३ हे इंग्लिश, मॅथ आणि रीडिंग या तिघांचीच सरासरी. काही कॉलेजं सायन्सचा भाग मागतात किंवा सुचवतात, आणि इंजिनिअर होऊ पाहणाऱ्या मुलीच्या बाबतीत तो रिकामा रकाना नजरेत भरतो. हीच मुलगी इतिहास किंवा साहित्याकडे जाणारी असती, तर मी उलट सल्ला दिला असता, कारण एसीटीमधली तिची इंग्रजीची बाजू एसएटीच्या ७२० पेक्षा किंचित सरस आहे. तेव्हा "एसीटी कुठेच नाही" हा निर्णय तिच्या विषयामुळे झाला. ३३ ला कमी लेखण्याचं काही कारण नव्हतं.

आता तीन एसएटी. एसएटी घेणाऱ्या कॉलेज बोर्डाच्या स्कोअर चॉइसमध्ये कोणत्या तारखेचे गुण पाठवायचे ते विद्यार्थी ठरवतो, पण तारीख निवडली की तिचे दोन्ही भाग जातात; जूनचं फक्त रीडिंग-रायटिंग सुटं काढून पाठवता येत नाही. (काही थोडी कॉलेजं ही सवलत मानत नाहीत, जॉर्जटाउनने वर्षानुवर्षे सगळे निकाल मागितले आहेत. ते आमच्या यादीत नव्हतं.) जून आणि ऑगस्ट पाठवले की जूनचे ७२० आणि ऑगस्टचे ७७० जोडून १४९० होतात. सुपरस्कोअर म्हणतात तो हा. जॉर्जिया टेक असंच धरते. एप्रिलमधला एकही भाग या दोन्हींपेक्षा वरचा नाही, त्यामुळे एप्रिल पाठवण्यात काहीच मिळकत नव्हती.

वडिलांना हे पटेना. "एका दिवसाचं इंग्रजी आणि दुसऱ्या दिवसाचं गणित जोडून जो आकडा येतो, तो तिने कधी मिळवलाच नाही. मग तो तिचा कसा?" एका मार्कशीटवर आयुष्य काढलेल्या पिढीला हा प्रश्न पडणारच, आणि तो रास्तही आहे. पण बेरीज आपण करतच नाही. आपण दोन तारखांचे खरे गुण देतो, जोडायचे की नाही ते कॉलेज आपल्या नियमाने ठरवतं. दुसरं असं की एका दिवसाचा आकडा तरी कितीसा पक्का असतो? कॉलेज बोर्ड स्वतःच सांगतं की एकूण गुण साधारण ४० इकडेतिकडे धरावेत. १४३० आणि १४७० या दोन आकड्यांत एकाच मुलीची एकाच वेळची तयारी दिसते. हे ऐकल्यावर ते म्हणाले, "म्हणजे टॉलरन्स." मापात चालणाऱ्या थोड्या फरकाला इंजिनिअर हाच शब्द वापरतात; मला यापेक्षा चांगला शब्द सुचला नसता. सुपरस्कोअरवरचा त्यांचा राग तिथून पुढे ओसरला.

मग मिशिगन आणि कोलंबिया. मुलीने दोन्हींचे आकडे आधीच बघून ठेवले होते. कॉलेजं दरवर्षी कॉमन डेटा सेट नावाची माहिती प्रसिद्ध करतात. त्यातल्या सी-९ या भागात प्रवेश घेतलेल्यांपैकी किती जणांनी गुण दिले आणि त्यांचे २५ वे, ५० वे नि ७५ वे पर्सेंटाइल काय, हे असतं. मिशिगनचा २५ ते ७५ पर्सेंटाइलचा पट्टा साधारण १३५० ते १५३०. कोलंबियाचा खालचा टोकच १५०० च्या पुढे. तिने नियम वाचला होता: मधल्या आकड्याच्या वर असाल तर पाठवा, नाहीतर गप्प बसा. १४९० मिशिगनच्या मध्याच्या जरा वर, ऑगस्टचा एकटा १४७० तर त्याहून जवळ, म्हणून तिला धाकधूक; कोलंबियाला तर सरळ खाली.

हा नियम मला मान्य नाही. तो पट्टा कुणाचा आहे, ते बघा. फक्त गुण देणाऱ्यांचा. शंभर मुलांना प्रवेश मिळाला आणि त्यांतल्या कमी गुणांच्या चाळीस जणांनी गुण दिलेच नाहीत, तर छापून येतो तो वरच्या साठ जणांचा पट्टा. पुढच्या वर्षीची मुलं तो पट्टा बघून घाबरतात, त्याच्या तळाची मुलं गुण दाबतात, पट्टा आणखी वर सरकतो. असं दरवर्षी. मिशिगनमध्ये एसएटीचे गुण देणारे साधारण निम्मेच आहेत. म्हणजे त्या १३५० ते १५३० मध्ये मध्यावर असणं हे प्रत्यक्षात सगळ्या वर्गाच्या बऱ्याच वर असणं आहे. ऐच्छिक धोरण काही कालचं नाही. बोडन कॉलेजने ते १९६९ मध्ये आणलं. पण तेव्हा ते अपवाद होतं आणि गुण न देणारे मोजके. आता ते न देणं हाच डाव झाला आहे, आणि त्यामुळे पट्ट्याचा अर्थच बदलला आहे.

डार्टमथने २०२४ मध्ये सक्ती परत आणली ती स्वतःच्या प्राध्यापकांच्या अभ्यासावरून. त्यात निघालं की अनेक मुलं, विशेषतः कमी सुविधांच्या घरांतली, पट्टा बघून गुण दाबत होती, आणि ते दिले असते तर त्यांचाच फायदा झाला असता; कारण प्रवेश समिती गुण मुलाच्या शाळेच्या आणि परिस्थितीच्या संदर्भात वाचते. मुलीने हे वाचलं होतं आणि तिला त्यातून धीर आला होता. तो धीर मला थोडा कमी करावा लागला. तो निष्कर्ष मुख्यतः जिच्याबद्दल आहे, ती मुलगी ही नव्हे. इंजिनिअर बाप, नोकरी करणारी आई, उपनगरातली चांगली शाळा. शाळेचा काउन्सेलर अर्जासोबत जी शाळेची माहिती पाठवतो, त्यातल्या सरासरीच्या ही वर आहे, पण तिथे १४९० कुणाला चकित करणार नाही.

तरीही मी पाठवायच्याच बाजूने होते. कारण मिशिगन राज्याचं आहे. या राज्यात सगळ्या सरकारी शाळांत अकरावीच्या मुलांना एप्रिलमध्ये शाळेतच एसएटी द्यावी लागते, राज्याच्याच खर्चाने. दुसऱ्या राज्यातल्या मुलाने गुण दिले नाहीत तर वाचणारा समजू शकतो की केंद्र मिळालं नसेल, परवडलं नसेल, जमलं नसेल. मिशिगनच्या सरकारी शाळेतल्या मुलीच्या बाबतीत या सबबी उरतच नाहीत. तिने परीक्षा दिली आहे हे वाचणाऱ्याला ठाऊक असतं. अर्जात गुण नाहीत म्हणजे दडवले आहेत, एवढंच उरतं. कोलंबिया सांगते की गुण न दिल्याने नुकसान होणार नाही, आणि त्या शब्दावर अविश्वास दाखवायला माझ्याकडे काही नाही. पण नुकसान न होणं आणि उपयोग होणं यांत फरक आहे. मॅथचे ७७० तिच्या अर्जातली सगळ्यात स्पष्ट बाब होती. फिजिक्सचे ३ शेजारी असताना तर जास्तच.

मिशिगनबद्दल घरात लगेच एकमत झालं. तिथे सुपरस्कोअर धरतात की नाही हे बघायचीही गरज नव्हती. ऑगस्टचा एकटा १४७० पुरेसा होता. कोलंबियावर मुलगी अडली. दोन दिवसांनी तिने फोन केला. "मावशी, तुझं लॉजिक पटतंय, पण तिथला माझा एसे खूप चांगला झालाय. १४९० बघून त्यांनी तो पटकन वाचू नये." मी एवढंच विचारलं की गुण नसलेला अर्ज ते सावकाश वाचतील असं तुला कशावरून वाटतं? त्यावर तिच्याकडे उत्तर नव्हतं, माझ्याकडेही नव्हतं. अर्ज तिचा, त्यामुळे निर्णय तिच्यावर सोडला. कोलंबियाची नियमित मुदत जानेवारीची होती, म्हणून तो निर्णय पुढे ढकलता येत होता, मिशिगनचा नव्हता. शेवटी डिसेंबरमध्ये तिने तिथे १४९० दिला.

येलचं वेगळं होतं. तिथे एपी चालतात म्हटल्यावर आईला वाटलं, दोन ५ आणि एक ४ पाठवू, एसएटीची भानगडच नको. पण एपीच्या वाटेने जायचं तर तोवर दिलेल्या सगळ्या एपींचे निकाल द्यावे लागतात. म्हणजे फिजिक्स आणि हिस्टरीचे दोन ३ सुद्धा. म्हणून येलला अट पूर्ण करायला एसएटी, आणि सोबत स्वतः भरलेले कॅल्क्युलसचे नि कॉम्प्युटर सायन्सचे ५, इंग्लिशचे ४. बाकी कॉलेजांनाही कॉमन अ‍ॅपमध्ये (अनेक कॉलेजांना चालणाऱ्या सामाईक अर्जात) हेच तीन भरले. फिजिक्सचे ३ कुठेच भरले नाहीत. अभियांत्रिकीसाठी ते न दाखवणं जरा खटकतं हे खरं, पण त्या वर्गातली तिची अ ग्रेड ट्रान्सक्रिप्टवर, म्हणजे शाळेच्या गुणपत्रकावर, आहेच.

आणि ट्रान्सक्रिप्टवरून आठवलं. या सगळ्या निवडीवर बोळा फिरवू शकणारी गोष्ट कुणाच्याच डोक्यात नव्हती. काही शाळा ट्रान्सक्रिप्टवर परीक्षांचे गुणही छापतात, आणि शाळेतच घेतलेल्या एसएटीचे गुण त्यांच्याकडे आपोआप असतात. मी ट्रान्सक्रिप्टची प्रत मागवली. खाली कोपऱ्यात एप्रिलचा १४१० होता. स्कोअर चॉइस कितीही काळजीपूर्वक वापरा, तो कागद अर्जांसोबत जाणारच होता. काउन्सेलरला विचारल्यावर कळलं की पालकांनी फॉर्मवर सही केली की गुण काढून नवी प्रत बनते, पण ती विनंती ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्याच्या आत द्यावी लागते. आईने त्याच दिवशी ती दिली. १४१० दिसल्याने तिचं आभाळ कोसळलं असतं असं नाही. गुण मागणाऱ्या कॉलेजांना तो आकडा सुधारणेचा पुरावा म्हणूनही वाचता येतो. पण जे पाठवायचं ते आपण ठरवून पाठवावं, कोपऱ्यातून निसटून जाऊ नये.

पुन्हा एकदा परीक्षा द्यावी का, हा प्रश्न वडिलांनी काढला. नोव्हेंबर आणि डिसेंबरमध्ये एसएटी होती. मी नको म्हटलं. तीन परीक्षांत तिचं मॅथ वरखाली होऊन ७७० पर्यंत गेलं होतं, रीडिंग-रायटिंग ६८० ते ७२० च्या पट्ट्यात होतं. चौथ्या परीक्षेत ते ७५० जाईल असं मानायला आधार नव्हता. तोच वेळ कॉर्नेल आणि येलच्या पूरक निबंधांना लागणार होता. त्यांनी एकदा "टॉलरन्स" म्हणून मान हलवली आणि विषय सोडला.

प्रवेश कुठे मिळाला हे मुद्दाम लिहीत नाही. एका अर्जात निबंध, शिफारसपत्रं, ग्रेड्स, राज्य, विषय एवढं सगळं असतं, आणि निकाल सांगितला की वाचणारा तो लगेच गुणांच्या निर्णयाशी जोडतो. मिळाला असेल तरी १४९० मुळे नव्हे, नसेल तरी १४९० मुळे नव्हे.

३० ऑक्टोबरला पहिले अर्ज जाण्याआधी एकदा सगळं तपासलं. कॉमन अ‍ॅप प्रत्येक भागाचा सर्वोत्तम गुण आणि त्याची तारीख वेगवेगळी विचारतं. अर्ज भरताना वडील शेजारी बसले होते आणि दोन्ही आकड्यांपुढे ऑगस्टच पडला होता. हे गुण विद्यार्थी स्वतः भरतो, पण प्रवेश नक्की झाल्यावर कॉलेज अधिकृत निकाल मागवून पडताळतं, आणि ऑगस्टच्या निकालात रीडिंग-रायटिंग ७०० आहे. ७२० पुढे जून घातला, ७७० पुढे ऑगस्ट ठेवला, आणि मग सबमिट केलं.